नऊ टेक

तीन आठवड्यांचा कोर्स, बोलोन्यात.
भर दुपारी पडदे ओढून
प्रोफेसर तिबाल्दी एकच चौकट थांबवून ठेवतात :
उंबऱ्यावर मुलगी. हातात पाव.
खात नाहीये.
"युद्धानंतरची भूक," ते म्हणतात,
"जी मागतसुद्धा नाही."
आम्ही लिहून घेतो.

संध्याकाळी घरमालकीण एर्सिलिया
माझ्या वहीतल्या वेड्यावाकड्या चित्रात डोकावते,
चष्मा पुसते, पुन्हा डोकावते.
"अगं, ही मीच की.
पाव प्लास्टरचा होता, वरून रंगवलेला.
मला कोणी सांगितलंच नव्हतं.
पहिल्याच टेकला चावला,
दात हलला.
मग आठ वेळा नुसता धरला."

सूप निवत चाललंय.
ती पावाचा कडक कोपरा मोडून
माझ्या ताटलीत टाकते,
आणि दिवा न लावताच
मी चावेपर्यंत
बघत राहते.