सहा सेकंद

नाकाला चिमटा, नळी ओठांत घट्ट.
भरून घ्या, आणखी, आणखी, आणि फुंका
फुंका फुंका फुंका, थांबू नका, आणखी थोडं—
बर्नलीच्या इस्पितळात, बिनखिडकीच्या खोलीत
दिवसातून चौदा वेळा मी अशी ओरडते.
घरी कुणावर आवाज चढवत नाही.

नॉर्मन एकर्सली, वय शहात्तर.
बुटांना पॉलिश, टोपी मांडीवर.
चाळीस वर्षं टपाल वाटलं या टेकड्यांवर.
"चढावर थांबायचो," म्हणतो,
"कुणाच्या तरी कुत्र्याशी बोलतोय असं दाखवायचो."
पडद्यावर त्याची रेघ उठते
आणि बसते,
तव्यावरून उतरलेली पोळी बसावी तशी.

फॉर्म विचारतो: सिगरेट? रोज किती, किती वर्षं?
कधीच नाही.
गिरणीत होता? खाणीत?
वडील होते. मी नाही.
मी शून्य लिहिते. शून्य. शून्य.
शून्यांची बेरीज इतकी धाप कशी?

मग तो रुमालाच्या चार घड्या घालतो
आणि दुसऱ्या कुणाची असावी तशी गोष्ट सांगतो.
अकरा महिन्यांचा होतो म्हणे. फेब्रुवारी.
पाठीला पाठ लावलेली घरं, मागची भिंत काळी.
आईनं कपाटाचा खण ओढून काढला,
त्यात मला निजवून चुलीपाशी ठेवलं,
किटली रात्रभर उकळती, वर चादरीचा तंबू.
तिसऱ्या रात्री शेजारीण येऊन बसली.
का बसली ते कुणी बोललं नाही.
"मला काही आठवत नाही हं. बहीण सांगायची.
सकाळी दूध मागितलं. मग बरा झालो."

बरा.
पंच्याहत्तर वर्षं त्यानं हा शब्द वापरला,
कोट वापरावा तसा,
कोपरांवर विरेपर्यंत.

इथे भिंतीच्या ओलीला डॅम्प म्हणतात.
आम्हाला घर दाखवणारा म्हणाला,
मागच्या खोलीत थोडा डॅम्प आहे.
मी नवी होते, मला ऐकू आलं, दम.
थोडा दम आहे. म्हटलं, चांगलंच की.
दम धर, दम खा, त्याच्यात दम नाही, दमलास का रे—
धीर आणि धाप आपण एकाच पिशवीत कोंबलेत.
त्या खोलीत आम्ही पाळणा ठेवला.

ऋजू तेव्हा सात महिन्यांचा. डिसेंबर.
प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खळगा पडायचा,
माझं बोट मावेल एवढा.
पाच रात्री ऑक्सिजन, पायाच्या अंगठ्याला लाल दिवा,
आणि जे आकडे वाचायचा मला पगार मिळतो
ते मला वाचता येईनात.
सहाव्या दिवशी डॉक्टरीण हसली.
बरा आहे, घेऊन जा.

आता तो तीन वर्षांचा आहे.
कालव्याकाठी बदकांमागे सुटतो,
मी मागे धावत नाही. कान लावून उभी राहते.
बहुतेक मुलांना पुढे काहीच होत नाही,
हे मला पाठ आहे, इतर आयांना मीच सांगते.
दिवसा बहुतेक हा शब्द पुरतो.
रात्री आखूड पडतो,
पाय झाकावेत तर छाती उघडी.

तिसरी फुंक अजून राहिली आहे.
"आणखी एकदा, मिस्टर एकर्सली."
तो मुकाट भरून घेतो. एक. दोन.
चारला त्याच्या मानेच्या शिरा उभ्या राहतात,
मी ओरडायची विसरते,
नुसती त्या गळ्याखालच्या जागेकडे बघते.
पाच.

फॉर्मात जागा नाही, म्हणून समासात लिहिते:
अकरा महिने, फेब्रुवारी.
वाचेल कुणी, न वाचेल.

दारात तो टोपी घालतो.
बस कुठून, मी विचारते.
थांबा इथेच आहे, म्हणतो, पण वर, चढावर.
मी खालच्या थांब्यापर्यंत चालत जातो.
लांब पडतो. पण उतार आहे.