दात

पुण्याहून प्रकाशकाचं कार्ड आलं, पंधरा पैशांचं:
"चित्रं पोचली. सुसर उत्तम.
फक्त दात कमी करावेत, मुलं घाबरतील.
ओठ जरा हसरे हवेत."
हेमूताई दिघ्यांनी ते माठाखाली सारलं
आणि चहा टाकला.

रोज सकाळी त्या काळ्याघोड्याच्या पुलावर उभ्या,
पर्समध्ये पेन्सिली, कठड्यावर शाळेची उरलेली वही.
खाली विश्वामित्री, हिरवट, वाहायचा कंटाळा आलेली,
आणि चिखलात मगर, तोंड वासून ऊन खात.
सायकलवाले ओरडायचे, "बेन, पडी जशो!"
त्या दात मोजत असायच्या.
मगर तोंड मिटायची. आकडा जायचा.
उद्या पुन्हा.
एकूण सहासष्ट.
पुस्तकात गेले बारा.

पानामागे वीस रुपये. नाव अगदी शेवटी,
छापखान्याच्या पत्त्याखाली, आणि तेही
"हेमंत दिघे".
"हेमंतला मनिऑर्डर वेळेवर आली म्हणजे झालं,"
एवढंच म्हणाल्या.

मी सात वर्षांची, दांडिया बाजारात त्यांच्या समोरच राहणारी.
माझे पुढचे दोन पडलेले.
पुस्तकावर बोट ठेवून विचारलं, हिचे बाकीचे कुठेत?
"पडले. तुझ्यासारखेच.
येतील."

ब्लॉक झिजायचे. मग कार्ड यायचं:
मुखपृष्ठ नव्याने काढून पाठवा, होतं तसंच.
त्या होतं तसंच पाठवायच्या.
दिवाळीत आम्हा पोरांना रंग कालवायला बसवायच्या,
हिरव्यात चिमूटभर तपकिरी, नाहीतर तो पोपट होतो.
दात मात्र स्वतः ठेवायच्या,
दार लावून.

परवा त्यांच्या भाच्याने खोली आवरायला बोलावलं.
पलंगाखाली, खमणच्या दुकानाच्या खोक्यात,
सगळ्या आवृत्त्या. मी फरशीवर मांडल्या.
दुसरीत तेरा.
तिसरीत पंधरा.
सहावीत चोवीस, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही,
ना प्रकाशकाच्या, ना माझ्या,
जिला तेव्हा अक्कलदाढ येत होती.
ओठ तेच. हसरे, सांगितले तसे.
अकरावीतही हेमंत तो हेमंतच.

बारावी निघालीच नाही.
पण फळीवर तिचं मुखपृष्ठ टाचलेलं होतं, नुसतं पेन्सिलीत,
जबडा कागदाबाहेर गेलेला.
मी चष्मा पुसून मोजायला बसले.
भाचा खालून ओरडला, टेम्पो आलाय, मावशी.
मी सत्तेचाळिसावर होते.