चौथी ओळ

सात मीटर मांजरपाट.
देवळाच्या मांडवात अंथरला, चार टोकांवर चार जांभे दगड ठेवले.
वारा रेल्वेच्या बाजूने येतो, खनिजाची धूळ घेऊन.

तीन रात्री भांडण चाललं होतं, कुठली लिपी वर.
नागरी, म्हणाले कुष्टा गावकर.
रोमी, म्हणाला सेबास्तियांव,
माझी आई आयुष्यभर ह्याच अक्षरांतून रडली देवाकडे.
मराठीचं काय, मी विचारलं नाही. मी रंगारी.
पण जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवून हात मराठीच झालाय,
आणि बापाची उधारीची वही कुठल्या भाषेत होती
हे अर्ध्या हांडेमळाला आठवतं.
शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.
सुकडी वेळीपच्या नातवाने नाक पुसत उचलल्या.

कानडीची चिठ्ठी नव्हतीच.
"खाली घाल रे कुठंतरी, बारीक.
ती माणसंही येणार ना."

येणार होती.
खुर्च्या त्यांनीच मांडायच्या होत्या.

मजकूर सोपा: गाव सगळ्यांचा, या.
मला कानडी येत नाही.
रूळ ओलांडून गेलो पत्र्यांच्या वस्तीत,
जिथे मागच्या महिन्यात पंचायतीने पाठवलं होतं
दारांवर आकडे घालायला.
तांबडे. एक ते एकतीस.
आकड्यांनंतर नोटीस आली. ती मी लिहिली नव्हती,
हे मी वाटेत दोनदा मनाशी म्हटलं.

सतरा नंबरात नीलव्वा. नववीत.
बाप गवंडी, सांतांतोनच्या कपेलाला गिलावा त्यानेच केलेला.
तिने माझ्या हाताकडे पाहिलं.
"हाच ब्रश काय?"
नाही, म्हणालो. आकड्यांना दोन इंची लागतो.

ती हसली नाही.
सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून
कोळशाने लिहून दिलं,
गोल गोल अक्षरं, तव्यावर फुटणाऱ्या ज्वारीसारखी.
काय लिहिलंस?
"तुमी सांगितलं तेच."

मी ते जसंच्या तसं उतरवलं.
न कळणारी अक्षरं फार जपून काढावी लागतात,
काना कुठला नि डाग कुठला, सांगता येत नाही.
वरच्या तिन्ही ओळी निळ्या. निळा संपला.
घरी पंचायतीचा तांबडा उरला होता, तो वापरला.

रविवारी मैदान भरलं.
फिलुच्या सान्नांची वाफ, शेखांच्या डेगीवरचं फडकं,
खतखत्यात तेफळं जास्त पडली म्हणून दोन जावांची कुजबुज,
वेळीप बायकांची फुगडी, माइकची शिट्टी.
सरपंच एकोप्यावर बोलत होते, बरेच बोलत होते.

खुर्च्या मांडून झाल्यावर ती माणसं
बॅनरखाली येऊन थांबली.
एक बाई तोंडावर पदर धरून हसली.
मग एका म्हाताऱ्याने चष्मा नसताना,
मान मागे टाकून,
अक्षर अक्षर मोठ्याने वाचलं,
आणि कोणीच हसेना.

सरपंचांनी माइकवर हात ठेवला.
हुबळीच्या बसचा कंडक्टर मैनुद्दीन जेवत होता,
त्याला ताटासकट ओढून आणलं.
त्याने वाचलं, घास गिळला.
"नीर यावाग बरतैति.
पाणी कधी येणार, असं लिवलंय."

फुगडी थांबली होती.
सुकडी वेळीप दम खात कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"आमच्याय वाड्यार येवंक ना.
बरें बरयलां."

सेबास्तियांव काहीतरी म्हणाला, ते ढोलात गेलं.
कुष्टाबाब बॅनरकडे पाहायचं टाळत
माझ्याकडे पाहत राहिले.
नीलव्वा खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत,
बसलेली नाही, पाठीला हात टेकून उभी.

सरपंच मांडवामागे आले, हळू आवाजात:
पांढरा आहे ना तुझ्याकडे?
ती एक ओळ झाक. आत्ता. शिडी देतो.

संपला, म्हणालो.

डबा माझ्या पायाशीच होता,
अर्ध्याहून जास्त भरलेला.
मी तो टाचेने
हळूच कापडाखाली सारला.