अंगावर काही आहे का?

प्रेस्टनच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
चुंबकाच्या खोलीच्या दाराशी उभी राहून
दिवसातून अठरा वेळा मी विचारते :
अंगावर काही आहे का?
अंगठी, कर्णफुलं, कवळी,
छातीत बसवलेलं यंत्र, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण?

मंगळवारी विनिफ्रेड कॉटम आली.
वय शहाऐंशी. एकोणतीस वर्षं गिरणीत, मागावर.
खडखडाटाने कान गेलेले,
म्हणून माणसांचे ओठ वाचणारी.
गाऊनच्या गळ्यातून तिने ओढून काढला
एक मळकट दोरा, आणि त्याला
टपालाच्या तिकिटाएवढा तपकिरी लोकरीचा तुकडा.
दुसरा तुकडा पाठीवर.
दोरा तुटला होता तिथे सेफ्टी पिन.

"बेंतीन," माझ्या तोंडून निसटलं,
वसईचा शब्द, कितीतरी वर्षांनी.
तिने तो ओठांवरून वाचला, भलताच.
"बटन नाही गं. स्कॅप्युलर."

सातव्या वर्षी फादरांनी घातलेलं.
तीन बाळंतपणांत होतं, नवऱ्याच्या मातीला होतं.
तुकडे पाच वेळा बदलले,
दोरे किती, ते मारियामातेला ठाऊक.
"कापड तसं टाकाऊच. वीण बघ.
असलं मी मागावरून उतरू दिलं नसतं."

म्हटलं, पिन आहे, काढावं लागेल.
ती थोडा वेळ माझ्या ओठांकडेच बघत राहिली.
"याने काही टळत नाही, मला कळतं.
ताईत नाही हा.
मठातली माणसं काम करताना
अंगावर जे फडकं घ्यायची, ते हे.
काम संपलेलं नसताना
कुणी एप्रन सोडतं का?"
आणि मग, मुकादमाच्या आवाजात :
"तू घाल. चाळीस मिनिटं.
मागावर बदली लागतेच की."

माझं स्वतःचं पदक
सहा वर्षं लॉकरमध्ये, पेपरमिंटच्या डबीत.
इथे धातू चालत नाही, हे खरं.
घरी जातानाही ते का घालत नाही,
ते मात्र कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

काचेच्या अलीकडे बसले.
पलीकडे यंत्र ठोकू लागलं,
आणि मी तिच्या जागी.
लोकर टोचत होती. लॅव्हेंडर साबणाचा वास, खाली घामाचा.
पुढे एक, मागे एक,
जू म्हणावं, तर वजन दोन विड्याच्या पानांचंही नाही.
पडद्यावर तिच्या पोटाचे काप उतरत होते, करडे, एकामागून एक.
त्यात काय दिसलं
ते सांगायचा अधिकार माझा नाही.
इथेही सांगत नाही.

मधल्या वेळात पिन काढली.
तुटलेली दोन टोकं हातात धरली, आणि बोटांना
पपांची गाठ आठवली, मला आठवण्याआधी.
पानमळ्यात ते केळीच्या सालपटाने वेल बांधायचे,
काठीला धरून राहील इतकी घट्ट,
जाड होईल तेव्हा कापली जाणार नाही इतकी सैल.
"आवळू नको, पोरी," म्हणायचे,
"तिला चढायचंय."

बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा हात पुढे केला,
चष्म्यासाठीही नाही.
डोक्यावरून घातलं, मानेमागे बोट नेलं,
विणकरणीचं बोट, ते थबकलं.
"ही आमच्याकडची गाठ नाही."
"पानवेलीची," मी म्हटलं.
काय वाचलं कोण जाणे.
मान डोलावली, काठी घेतली,
आणि रिबल्टनची बस चुकेल म्हणून
माझ्यावरच वैतागली.

पिन माझ्या खिशात राहिली.
बुधवारी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी,
त्या दाराशी हात खिशात गेला आणि ती टोचली.
तेव्हा स्वतःलाच विचारलं,
नेहमीच्या सपाट आवाजात,
यादी वाचल्यासारखं.

उत्तर द्यायला
जरा वेळ लागला.