क गट

जूनमध्येच मी पोरं वाटून घेतली.
पेटी जमणारी ओट्यावर,
टाळी चुकणारी वर्गात,
उरलेली निंबाखाली, बोअरच्या मोटारीपाशी.
त्यांच्या नावांपुढे ‘क’ लिहिला, पेन्सिलनं,
खोडता यावा म्हणून.
खोडला नाही कधी.

पारोळ्याची दुपार. सावलीसुद्धा भिंतीला चिकटलेली.
ओट्यावर तन्वेश बोरसे अलंकार घोटतोय.
पेटी एकच शाळेत,
ती तिकडेच असते.

निंबाखालून बराच वेळ काही ऐकू येईना.
जाऊन बघते तर
चैताली देवरे, मोटारीकडे कान करून.
“काय गं?”
“मॅडम, माले सा सापडना.”

हसू आलं मला. मोटारीचा सा!

तेवढ्यात लाइट गेली.
पंखे थांबले, मोटार घरघरत बसली,
चैतालीचा सा
थांबला नाही.
जरा खरखरीत, पण जागचा हलत नव्हता.

ओट्यावर तन्वेशनं पांढरी पाच दाबून पाहिली,
मग काळी चार.
दोन्ही सोडून दिल्या.
तिचा सूर त्यांच्या मधल्या फटीत होता,
जिथं पेटीला पट्टीच नाही.

वर्गातली पोरं खिडकीत आली.
मी हजेरी घेऊन उन्हात उभी.

लाइट आली तेव्हा
मोटारच येऊन
तिला मिळाली.