दुसरी प्रत

मे महिन्यात आमच्या रामबागेत
माणसाआधी कॉम्प्युटर घामाघूम होतो.
पण कूलर त्याच्या तोंडावर लावायचा नसतो,
हे डहाटनं सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.
वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा
आपल्याला गारवा, त्याला गंज.

त्यानं कॅबिनेट उघडलं, आत
बोटभर धूळ, पालीचं वाळलेलं पिल्लू
आणि डिस्क, नुसती टकटक करणारी,
बंद दारावर कुणी वाजवत राहावं तशी.
"ताई, दुसरी प्रत कुठाय?"
दवाखान्यात विचारतात ना,
सोबत कोण आलंय, तसं विचारलं त्यानं.

सोबत कोणी नव्हतं.

बंद पडलेल्या गिरणीच्या
चारशे बारा कामगारांची यादी होती ती.
नाव, खातं, बिल्ला नंबर, येणं किती.
दोन वर्षं टाइप करत होते रात्री जागून,
पानामागे सहा रुपये.
दोनशे सत्तावन्न नंबरवर बाबा,
ते फुकट.

मग पुन्हा निघाले. इमामवाडा, जाटतरोडी,
दारोदार एकच प्रश्न: बिल्ला नंबर आठवतो का?
एका बाईनं पिठाच्या डब्यातून बिल्लाच काढून दिला, पांढरा झालेला.
काही घरांत नंबर सांगणाराच उरला नव्हता,
चहा मात्र सगळीकडे मिळाला.
तीनशे शहाण्णव जमले.
उरलेले सोळा
अजून कानात टकटकतात.

आता दर शनिवारी, कणीक मळण्याआधी,
सगळं दोन डिस्कांवर उतरवते.
एक माझ्या कपाटात,
एक नंदनवनला बहिणीकडे, डाळीच्या डब्यामागं;
आग लागली तर दोन्ही घरं एकदम जळणार नाहीत.
आणि महिन्यातून एकदा उघडून बघते.
लोणच्याची बरणी तरी
झाकण न काढता वर्षभर कोण ठेवतं?

यूपीएस चिरकला की वाक्य अर्धं सोडून सेव्ह करते, बंद करते.
वीज आली की थांबते थोडी;
पहिला झटका फ्रीज घेतो, बिचारा.

अपडेटला पूर्वी "नंतर" म्हणायची.
नंतर, नंतर, दातांच्या डॉक्टरला म्हणते तसं.
आता "आत्ता" दाबते आणि तेवढ्यात पोहे भिजवते.

पासवर्ड मुलाचं नाव होतं.
अख्ख्या गल्लीला पाठ,
दिवसभर मीच ओरडायची ना, अन्वेष! ए अन्वेष!
आता चार शब्द आहेत,
भाऊबंदांसारखे, एकमेकांशी न बोलणारे.

शेजारचा रोशन पेनड्राइव्ह घेऊन येतो, एवढं एकच प्रिंट म्हणून.
मी आधी तपासणी लावते.
"काऊन जी काकू, माझ्यावर भरोसा नाही का?"
तुझ्यावर आहे बाप्पा,
हा कुठं कुठं झोपून आलाय ते कोण सांगणार?

परवा एक फोन आला. गोड आवाज.
"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस दिसतोय आम्हाला."
म्हटलं, पाल होती तेव्हा दिसली नाही का?
फोन कट.

आणि काल, टळटळीत दुपारी,
जाटतरोडीहून एक पोरगा आला सायकलवर,
हातात जुनी लग्नपत्रिका,
पाठीमागे पेन्सिलीनं आजोबांचा नंबर, पुसट.
चष्मा लावून दोघांनी वाचला,
तो म्हणे सात, मी म्हटलं एक,
शेवटी उन्हात धरला तेव्हा सातच निघाला.

तीनशे सत्त्याण्णव.

टाइप केलं. सेव्ह केलं.
पोरगा दारात घाम पुसत उभा,
माठ हाताशी.
त्याला पाणी द्यायच्याही आधी
दुसरी प्रत.