न दिलेल्याचा रकाना

सुभाषनगरच्या कोपऱ्यावर माझं औषधांचं दुकान.
आत स्पिरिट कितीही सांडलं
तरी बाहेरून येणारा चामड्याचा वास हटत नाही.
शेवंता व्हटकर आल्या तेव्हा शटर अर्धं ओढलं होतं.
वाकून आत शिरल्या, फोन पुढं केला,
"नातवानं दावलं डॉक्टरला. मोबाईलातनंच.
चार मिनटं बग. च्या सुदिक निवला न्हाई."

बोटं दाखवली त्यांनी.
चाळीस वर्षं चपलेच्या वेण्या घालणारी बोटं,
पेरापेराशी सुजलेली,
सकाळी आरीवर मिटतच नाहीत म्हणे.

पडद्यावरचा कागद स्वच्छ, छापील.
आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं लावत आले मी,
हे लावावं लागलं नाही, म्हणून जरा बेसावध होते.
संधिवाताची गोळी.
साडेसात मिलिग्रॅम, नग तीस.
रोज एक.

रोज.

ही गोळी आठवड्यातून एकदा असते.
रोज घेतली तर आधी तोंड सोलवटतं,
मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी
एकेक करून कामावर यायच्या बंद होतात.
मुद्दाम नसेल लिहिलं कुणी.
टिचकी मारली की खाली उघडते ना ती यादी,
तिच्यात 'रोज' सगळ्यात वर असणार,
आणि पुढचा पेशंट वाजत असणार.

नंबर लावला. बासरी.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
बासरी.
सतराव्या मिनिटाला एक मुलगी आली. म्हणाली,
"डॉक्टरांशी बोलायचं तर नवीन अपॉइंटमेंट घ्यावी लागेल, मॅम."
तिच्यापुढंही एक यादीच असणार.

"मावशी, आज नाही देत."
"आगं, पैसं भरल्यात की!"
समजावून सांगितलं. दोनदा.
त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या,
"चामडं दोनदा मापून कापतो आमी.
एवड्या शिकल्याल्या मानसानं एकदाच मापलं व्हय?"

मी काही मोबाईलवर डूख धरून नाही.
गेल्या वर्षी आजऱ्याच्या पुढं रस्त्यावर पाणी होतं,
तिथल्या एका पोरीची फिट्सची औषधं संपलेली.
तेव्हा अशाच पडद्यातून एक डॉक्टर
अर्धा तास बोलले तिच्याशी,
जुने रिपोर्ट मागवले, वजन विचारलं,
आणि मला स्वतः फोन करून म्हणाले, "एकदा वाचून दाखवता का?"
तो आवाज अजून कानात आहे.
म्हणून तर या बासरीची चीड येते.

मार्चमध्ये इंगवले साहेब तपासणीला आले.
रजिस्टर, बिलं, फ्रीजचं तापमान.
"विकलेलं सगळं जुळतंय."
मी विचारलं, न विकलेलं कुठं लिहू?
साहेबांनी पेनाला टोपण लावलं,
काढलं, परत लावलं.
"नवे नियम येणार आहेत. मसुदा वरती आहे."
वरती.
मी उगाच पंख्याकडं पाहिलं.

ते गेल्यावर पट्टी घेतली
आणि रजिस्टरच्या उजव्या कडेला पेन्सिलनं एक रेघ ओढली.
काय लिहून आलं होतं, काय हवं होतं,
कुणाला फोन केला, किती मिनिटं बासरी.
पहिली नोंद शेवंताबाईंची.
आज एकोणीस झाल्या.
हा रकाना कुणी तपासायला येणार नाही, माहीत आहे,
तरी खाडाखोड होऊ देत नाही.

शेवंताबाई नंतर सीपीआरला गेल्या,
अख्खी सकाळ बाकावर काढली.
तिथल्या डॉक्टरीणबाईंनी म्हणे
प्रत्येक बोट धरून वाकवून बघितलं,
"दुखतंय का" असं दहा वेळा विचारलं,
रक्त तपासलं, मग मंगळवार ठरवून दिला.

आता दर सोमवारी रात्री
घरी जाताना त्या रस्त्यावरूनच ओरडतात,
"उद्याच न्हवं?"
मी शटर ओढता ओढता ओरडते,
"उद्याच, मावशी.
फक्त उद्या."